आधी शिक्का बघू, मग पिशवी धरू

आमचा बचत गट पापड विकतो, म्हणून आमचा काटा वैधमापन निरीक्षकांनी तपासून शिक्का मारलेला. बाजारातली किलोभर तूरडाळ त्यावर ठेवली, तर भरली 900 ग्रॅम! रोजंदारीच्या पैशातली 100 ग्रॅम डाळ गेली.

इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी आणि वजनं दर 2 वर्षांनी तपासून घ्यावी लागतात. तपासणीचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायचं असतं. आता आम्ही आधी ते बघतो, काटा शून्यावर आहे ना तेही बघतो. गॅसची टाकीसुद्धा मोजून घेतो: टाकीवर लिहिलेलं रिकामं वजन अधिक 14.2 किलो गॅस. कमी भरलं, तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतो.

मैत्रिणींनो, निरीक्षक रोज येणार नाहीत. बाजारात रोज आपणच असतो.