पोत्यावर छाप एक, आत तांदूळ दुसरा

मागे गोंदियात एका अभ्यासिकेसाठी रास्पबेरी पाय ४ लावत होतो. प्रोग्राम उतरवला, चालवला, तर उत्तर आलं: अशी फाईलच नाही! अहो, समोर दिसतेय की.

घोळ नावाचा होता. इन्स्टॉल स्क्रिप्टनं 'युनेम -एम' विचारलं, कर्नल म्हणाला 'एआर्च६४', म्हणून तिनं ६४-बिट फाईल आणली. पण कार्डावरची बाकी सिस्टीम ३२-बिट. पाय ४ वर २०२३ पासून हे असंच होतं, कर्नल तेवढा ६४-बिट. सापडत नव्हता तो ६४-बिटचा लोडर. पोत्यावर छाप 'एचएमटी'ची, आत दुसराच तांदूळ! 'डीपीकेजी'ला आर्किटेक्चर विचारलं तेव्हा खरं कळलं: 'आर्मएचएफ'.

त्यात नावंही किती. कर्नल ज्याला 'एआर्च६४' म्हणतो, त्याला डेबियन 'आर्म६४' म्हणतं. इंटेलच्या लॅपटॉपवरसुद्धा डेबियन 'एएमडी६४' लिहितं, कारण ही रचना एएमडीची. पहिली ऑप्टेरॉन चिप २००३ची.

जीएनयूची 'कॉन्फिग.गेस' स्क्रिप्ट जरा शहाणी. नव्या आवृत्तीत ती युनेमवर थांबत नाही, कंपायलरलाही विचारते की बाबा, तू नक्की कशासाठी बांधतोस?

मी मात्र सरळ ६४-बिटचं कार्ड नव्यानं तयार केलं. अभ्यासिका दुसऱ्या दिवशी उघडायची होती.