गंजलेल्या गाडीची हकीकत
(महोत्सवानिमित्त भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यांत केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं 'कुटुंब आणि श्रम' या विषयावर चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हां आमची थोडी तारांबळच उडाली. आम्ही वक्ते नव्हे आणि पंडितहि नव्हे. वसईंत वाढलेलीं आणि पोटापाण्यासाठीं अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत जाऊन राहिलेलीं आम्ही साधीं माणसें. उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाहीं. म्हणून आमच्या घरच्या गॅरेजांत पांच वर्षें चाललेल्या एका कामाची हकीकत तेवढी सांगतों. एक जुनी, गंजलेली मोटार आम्हीं घरच्या घरीं पुन्हां चालती केली. 'आम्ही' म्हणजे पति, पत्नी, सोळा वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी.

ही मोटार कोणत्या जातीची, हें आधीं सांगितलें पाहिजे. डेट्रॉइट शहर व त्याचा आसमंत म्हणजे अमेरिकेच्या मोटारधंद्याचें माहेरघर. तेथील जनरल मोटर्स कंपनीच्या पाँटिअ‍ॅक शाखेनें १९६४ च्या हंगामासाठीं जी. टी. ओ. नांवाची गाडी बाजारांत आणली. मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घनइंचांहून मोठें इंजिन बसवूं नये, असा कंपनीचाच नियम होता. जॉन डिलोरियन व त्यांचे सहकारी यांनीं त्यांतून वाट काढली. ३८९ घनइंचांचें इंजिन त्यांनीं स्वतंत्र गाडी म्हणून नव्हे, तर आधींच्या गाडीवर मिळणारा जादा सरंजाम म्हणून विकावयास काढलें. पहिल्याच वर्षीं अशा ३२,४५० गाड्या खपल्या. आटोपशीर अंग आणि दांडगें इंजिन अशा गाड्यांना पुढें लोक 'मसल कार', म्हणजे पिळदार स्नायूंची गाडी, म्हणूं लागले. इतर कंपन्यांनींहि तोच कित्ता गिरविला. पण विम्याचे दर चढले, धुराविषयींचे कायदे कडक झाले आणि १९७३ सालीं तेलाची टंचाई आली. १९७४ नंतर जी. टी. ओ. निघेनाशी झाली. २००४ ते २००६ पर्यंत तें नांव एका निराळ्या गाडीला दिलें गेलें, इतकेंच. आणि पाँटिअ‍ॅक शाखाहि २०१० सालीं इतिहासजमा झाली.

आमच्या शेजारीं एक वृद्ध विधवा बाई राहत असत. मुलें त्यांना आजी म्हणत. त्यांच्या यजमानांनीं १९६७ सालीं ही गाडी नवी घेतली होती. इंजिन ४०० घनइंचांचें, म्हणजे सुमारें साडेसहा लिटरचें, आणि ३३५ अश्वशक्तीचें. यजमान वारल्यापासून ती मागच्या शेडींत पडून होती. २०११ च्या शरदांत शेड पाडावयाची ठरली, तेव्हां भंगारवाल्याला देण्याऐवजीं आजींनीं ती आम्हांस अल्प किंमतींत दिली. अट एकच घातली : "पहिली फेरी माझी." त्या वेळीं त्या ८१ वर्षांच्या होत्या. आम्हीं शब्द दिला.

बाहेरून गाडी बरी दिसत होती. मुलानें एक लोहचुंबक फडक्यांत गुंडाळून पत्र्यावरून फिरविला. छपरावर तो घट्ट चिकटे. मागच्या चाकांच्या खालच्या अंगास मात्र गळून पडे. याचा अर्थ, तेथें लोखंड उरलेंच नव्हतें. आपले रंगारी भिंतीच्या खड्ड्यांत लांबी भरतात, तशी मोटारीची लांबी कोणीतरी त्या भोकांत भरून वरून रंगाचा हात दिला होता. ती खरवडतांच डिकीचा तळ, पायांखालचा पत्रा आणि मडगार्डांच्या कडा यांतून उजेड दिसूं लागला.

लोखंड, पाणी व प्राणवायु यांच्या संयोगानें गंज चढतो. पाण्यांत मीठ असलें कीं त्यांतून वीज सुलभतेनें वाहते आणि तें काम झपाट्यानें होतें. खाऱ्या वाऱ्यानें दाराच्या कड्या कशा झडतात, हें आपण जाणतांच. मिशिगनला समुद्र नाहीं, पण हिवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ पसरतात. डेट्रॉइट शहराच्या पोटांत सुमारें १,२०० फूट खोल मिठाची खाणच आहे. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आंतून फुगवितो. वर फोड दिसतो, तेव्हां आंत बराच काळ नासाडी चालू असते.

कामाची वांटणी झाली. मुलगी हिशेबनीस. निघालेला प्रत्येक नट, बोल्ट व स्क्रू ती पिशवींत घाली, पिशवीवर नांव व तारीख लिही, आणि भाग काढण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घेई. पत्नीनें आसनांचीं जुनीं आच्छादनें उसवून त्यांवरून नमुने कापले आणि जाड सुईच्या शिवणयंत्रावर नवीं शिवलीं. मुलानें सायंवर्गाला जाऊन वेल्डिंग शिकून घेतलें. इंजिन आमच्या वांट्याला आलें. शिस्त कडक होती. जुन्या रंगांत शिसें आणि जुन्या ब्रेकांत ॲस्बेस्टॉस असतें, म्हणून मुखवटा लावल्याशिवाय कोणीं कांहीं घांसावयाचें नाहीं. आणि गाडी लोखंडी घोड्यांवर टेकविल्याशिवाय कोणीं खालीं शिरावयाचें नाहीं. मुलीनें आणखी एक नियम वाचला होता : एक सुटें चाक गाडीखालीं आडवें सरकवून ठेवावें. आम्हांस तो अति सावधपणा वाटे. ती मात्र न चुकतां चाक सरकवी.

मोटारीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड असतो. त्यावर सलग सांधा ओढला, तर तो उष्णतेनें पापडासारखा वांकडातिकडा होतो. म्हणून येथें एक ठिपका, तेथें एक ठिपका, मध्यें पत्रा निवूं द्यावयाचा आणि मग उरलेल्या फटी भरावयाच्या. हातभर सांध्याला एक संध्याकाळ जाई. दोन हिवाळे असे गेले.

२०१३ च्या शरदांत आजींना इस्पितळांत ठेवावें लागलें. त्या घरीं परतल्या, पण त्यांचे हात थरथरूं लागले होते. आमच्या मनानें घाई घेतली. त्याच सुमारास मागच्या डाव्या चाकाजवळ चौकटीचा वीतभर भाग गंजलेला सांपडला. ही पोलादी चौकट म्हणजे सगळ्या गाडीचें ओझें पेलणारा कणा. तो भाग कापून नवें पोलाद सांधावयाचें, तर मागचा आंस, स्प्रिंगा, पेट्रोलची टांकी सगळें उतरवावें लागणार. आम्हीं मुलाला म्हटलें, "वर पातळ पत्रा चिकटव, लांबी भर आणि काळा रंग दे. खालीं वांकून कोण पाहतो?"

तो म्हणाला, "बाबा, याच गाडींत आजींना बसवायचें आहे ना?"

आम्ही त्याला रागें भरलों. "बापाला शिकवूं नकोस," असेंहि म्हटलें. त्यानें हातमोजे काढून बांकावर ठेवले आणि तो घरांत निघून गेला. पुढें तीन महिने त्यानें गॅरेजांत पाऊल टाकलें नाहीं. जेवतांना तो आमच्याशीं 'हो' आणि 'नाहीं' एवढेंच बोले. ती लांबी आम्हीं स्वतःच्या हातानें भरली. येथें 'आम्ही' म्हणजे कुटुंब नव्हे. हें काम एकट्या बापाचें.

२०१४ च्या फेब्रुवारींत एका शनिवारीं आम्ही मागचे ब्रेक पाहण्यासाठीं खालीं शिरलों होतों. घोडी नेमकी त्या लांबीच्या जागीं लागली होती. आधीं बारीकसा करकर आवाज आला, मग पत्रा फाटला, घोडीचें डोकें चौकटींत घुसलें आणि गाडी खालीं आली. ती आमच्या छातीपासून चार बोटांवर थांबली. मुलीनें सकाळीं सरकविलेल्या त्या सुट्या चाकावर ती अडली होती.

आवाज ऐकून सर्व धांवत आलीं. मुलानें एक शब्दहि न बोलतां जॅक लावला, गाडी उचलली आणि आम्हांस ओढून बाहेर काढलें. मग तो खालीं वांकून ती जागा पाहूं लागला. त्यानें कांहींहि म्हटलें असतें, तरी तें आम्हांस सोसावें लागलें असतें. पण तो उगाच राहिला.

त्या रात्रीं आम्ही त्याच्या खोलीच्या दाराशीं गेलों. मुलाजवळ क्षमा मागण्याची आमच्या घरीं वहिवाट नव्हती. आमच्या वडिलांनीं ती आमच्याजवळ कधीं मागितली नाहीं, आणि त्यांच्या वडिलांनीं त्यांच्याजवळ मागितली असेल असें वाटत नाहीं. जुळवून नेलेले शब्द दारांतच विसरलों. एवढेंच म्हणालों, "चूक माझी होती. तुझें बरोबर होतें. आणि मीं तुझा अपमान केला." तो बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "उद्यां टांकी उतरवूं या का?"

टांकी उतरली. आंस उतरला. निरोगी पोलाद लागेपर्यंत गंजलेला भाग कापून काढला आणि मूळ जाडीचें पोलाद बसवून सांधलें. मुलगा वेल्डिंग करी, आम्ही तुकडा धरून राहूं. आतां शिकविणारा तो होता. काम पुरें झाल्यावर एका जाणत्या कारागिराकडून तें तपासून घेतलें. या सगळ्यांत एक वर्ष गेलें, आणि तें वर्ष आजींच्या आयुष्यांतून जात आहे, हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें.

१९९६ पासून अमेरिकेंत रस्त्यावरील मोटारींसाठीं शिसेमिश्रित पेट्रोल बंद आहे. जुन्या इंजिनाच्या झडपांच्या बैठकींना त्या शिशाचें संरक्षण असे. म्हणून आम्हीं कठीण धातूच्या नव्या बैठकी बसवून घेतल्या. २०१५ च्या मे महिन्यांत इंजिन प्रथम सुरू करून पाहिलें. तें खोकलें, कार्ब्युरेटरांतून ज्वाला निघाली आणि बंद पडलें. मुलीनें वही उघडून ठिणगीचा क्रम मोठ्यानें वाचला : एक, आठ, चार, तीन, सहा, पांच, सात, दोन. पांच व सात या शेजारशेजारच्या सिलिंडरांच्या तारांची आम्हीं अदलाबदल केली होती. तारा बदलतांच इंजिन असें गरजलें कीं स्वयंपाकघरांतील भांडीं खणखणलीं.

ऑक्टोबरांत आजींच्या मुलीनें सांगितलें कीं आतां फार दिवस नाहींत. गाडीला रंग नव्हता. अंगावर राखाडी अस्तर, मागचें आसन बसविलेलें नाहीं, चकचकीत पट्ट्या अजून खोक्यांत. पण चौकट पक्की होती. ब्रेकांच्या नळ्या नव्या होत्या. दिवे, टायर, नोंदणी व विमा सर्व व्यवस्थित होतें. एका निरभ्र दुपारीं मुलानें आजींना हात धरून पुढच्या आसनावर बसविलें आणि तो गाडी चालवावयास बसला. आम्ही तिघें अंगणांत उभीं राहिलों. तळ्यापर्यंत जाऊन परत, अशी वीस मिनिटांची ती फेरी. परत आल्यावर त्या कांहीं वेळ उतरल्याच नाहींत. समोरच्या फळीवरून हात फिरवीत म्हणाल्या, "आवाज तोच आहे." रंगाविषयीं त्यांनीं एक शब्दहि काढला नाहीं. नाताळापूर्वीं त्या वारल्या.

तो लांबीचा पत्रा फेब्रुवारींत फाटला नसता, तर त्या दुपारीं आमचा मुलगा आणि आजी यांना आम्हीं कशाच्या भरंवशावर रस्त्यावर पाठविलें असतें, हा विचार आम्हांस अजूनहि रात्रीं जागें करतो.

२०१६ सालीं गाडीला तिचा मूळचा निळा रंग दिला. डेट्रॉइटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यू या रस्त्यावर १९९५ पासून ऑगस्टांतील तिसऱ्या शनिवारीं जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरतो. तेथें आम्हीं ती नेली. लोक रंगाची वाखाणणी करीत. मुलगा मात्र रस्त्यावर गुडघे टेकून एकेकाला चौकटीचा सांधा दाखवी.

आपणांपैकीं कोणा तरुणाला असें काम करावयाचें असेल, तर आमचें सांगणें एवढेंच : प्रथम खालून पाहा, रंग शेवटीं द्या, आणि घरांतलें लहान माणूस वांकलेलें कांहीं दाखवूं लागलें, तर खालीं वांकून पाहण्यास लाजूं नका. खर्चाविषयीं विचाराल, तर तो धरल्यापेक्षां पुष्कळ अधिक झाला. गाडी विकून तो परत येईलच असें नाहीं.

पण गाडी विकावयाची नाहीं. ती आतां मुलाच्या घरीं आहे. रस्त्यांवर मीठ पडूं लागलें कीं तो ती बाहेर काढीत नाहीं. वर्षांतून एकदां तो आम्हांस बोलावतो. गाडी घोड्यांवर चढवून आम्ही बापलेक खालीं शिरतों आणि दिव्याच्या उजेडांत चौकट तपासतों. त्यापूर्वीं सुटें चाक गाडीखालीं सरकविण्याचें काम आतां आमच्याकडे आहे.