न पाहिलेल्या माणसाविषयीं
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या आठवड्यांत आपल्या वाडवडिलांच्या गुणांचें वर्णन पुष्कळ झालें, आणि तें योग्यच झालें. ज्यांनीं या मंदिराचा पाया खणला त्यांचीं नांवें उच्चारल्यावांचून असा सोहळा पुरा होत नाहीं. आमच्या वांट्यास मात्र व्यवस्थापक मंडळानें निराळा विषय दिला आहे: दुसऱ्याविषयीं मत ठरविण्याची आपली घाई. विषय ऐकतांच आम्हांस संकोच वाटला. कारण या बाबतींत उपदेश करण्यापेक्षां अपराध कबूल करण्याचाच आमचा अधिकार मोठा आहे. तो अपराध शेवटीं सांगूं. आधीं एका प्रसिद्ध प्रकरणाची हकीकत ऐकावी. त्यांतील मुख्य पुरुष आपण संत म्हणून ओळखतों. परंतु त्याच्या निंदेची कथा आपल्यांपैकीं थोड्यांच्याच कानांवर आली असेल.

हवाई बेटांच्या राजानें १८६५ सालीं एक कायदा केला, आणि पुढल्या वर्षापासून कुष्ठरोग्यांस पकडून मोलोकाई बेटाच्या एका भूशिरावर नेऊन सोडण्यास आरंभ झाला. तिन्ही बाजूंस समुद्र आणि पाठीशीं ताठ कडा. एकदां तेथें उतरलेला मनुष्य सहसा परत येत नसे. १८७३ च्या मे महिन्यांत तेथील बिशप मेग्रे यांनीं आपल्या धर्मगुरूंपुढें ही गोष्ट काढिली, तेव्हां चौघे जण पाळीपाळीनें जाण्यास तयार झाले. पहिली पाळी बेल्जम देशांतील त्रेमेलो गांवच्या फादर डेमियन यांची होती. १० मे रोजीं ते तेथें उतरले, वय तेहतीस. त्यांची पाळी मरेपर्यंत संपली नाहीं.

तेथें त्यांनीं काय केलें हें आपणांस ठाऊकच आहे. जखमा धुतल्या, घरें बांधिलीं, पाण्याचे नळ आणिले, शवपेट्या स्वतः रंधा घेऊन केल्या आणि खड्डेहि स्वतः खणले. तेथील लोक अळकुड्या उकडून व कुटून त्यांची लापशी करितात व ती एकाच भांड्यांतून बोटांनीं खातात. फादर त्याच भांड्यांत बोटें बुडवीत. त्यांची चिलीम कोणी ओढावयास मागितली तर नाहीं म्हणत नसत. पुढें १८८४ सालीं कढत पाण्यांत पाय पडला असतां तो भाजल्याचें त्यांस कळलें नाहीं, आणि आपणहि त्या लोकांपैकींच एक झालों हें त्यांनीं जाणलें. १५ एप्रिल १८८९ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

पुरते चार महिने झाले नाहींत तोंच होनोलुलु शहरीं राहणारे डॉक्टर चार्ल्स हाइड नांवाचे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक यांनीं आपल्या एका स्नेह्यास पत्र लिहिलें. पत्र खासगी होतें, थोडक्या ओळींचें होतें; पण स्नेह्यानें तें छापावयास दिलें, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तें दूर सिडनीच्या एका पत्रांत प्रसिद्ध झालें. मजकूर असा कीं, हा मनुष्य ओबडधोबड, गलिच्छ, हट्टी व दुराग्रही होता. त्यास कोणी पाठविलें नव्हतें, तो आपणच गेला. वसाहतींत सुधारणा झाल्या त्या सरकारी आरोग्यमंडळानें केल्या. बायकांशीं त्याचें वर्तन शुद्ध नव्हतें, आणि रोग जडला तो त्याच्या दुर्वर्तनाचें फळ होय.

आतां हें पत्र लिहिणारा मनुष्य दुष्ट होता असें आपण चटकन् म्हणूं, आणि म्हणतांच आपणहि तीच घाई करूं. डॉक्टर हाइड विद्वान होते. हवाई मुलांच्या शिक्षणासाठीं निघालेल्या कामेहामेहा विद्यालयाच्या पहिल्या विश्वस्तांपैकीं ते एक. त्यांचे आरोप पाहतां ते सगळेच रचलेले होते असेंहि नाहीं. फादर डेमियन हट्टी होते. कपडे मळके असत. परंतु पू पुसणाऱ्या, माती उकरणाऱ्या, लांकूड तासणाऱ्या मनुष्याचे कपडे कसे असणार? डाग खरा, तो कशाचा, एवढेंच विचारावयाचें राहिलें. चारित्र्यावरील आरोपाची गोष्ट वेगळी. त्यास पत्रांत पुरावा कांहींच नव्हता. त्याच्या मागें त्या काळच्या कांहीं वैद्यांचा असा एक समज होता कीं, कुष्ठ म्हणजे उपदंशाचाच पुढला टप्पा. तो समज खोटा. या रोगाचा जंतु नॉर्वे देशांत हान्सेन नांवाच्या वैद्यानें, फादर डेमियन मोलोकाईस गेले त्याच १८७३ सालीं, शोधून काढिला होता. पण जंतूपेक्षां पाप हें कारण लोकांस अधिक लौकर पटतें.

या पत्रास उत्तर दिलें तें कोणा कॅथलिक मनुष्यानें नव्हे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे इंग्रजी कादंबरीकार स्कॉटलंडांतील प्रेस्बिटेरियन घराण्यांत जन्मलेले. फादरांच्या मृत्यूनंतर महिन्याभरानेंच ते मोलोकाईस गेले, आठवडाभर राहिले, रोगी मुलींबरोबर खेळले, आणि ज्यांस फादर आवडत नसत अशांसहि त्यांनीं मुद्दाम विचारलें. पुढें १८९० च्या फेब्रुवारींत सिडनी येथें त्यांनीं डॉक्टर हाइड यांस उद्देशून अनावृत पत्र लिहिलें. अब्रुनुकसानीचा दावा होईल व आपण धुळीस मिळूं, ही भीति त्यांस होती. म्हणून आधीं घरच्या माणसांस विचारलें, व त्यांची संमति मिळाल्यावर मगच छापलें. त्या पत्रांतील आम्हांस सर्वांत आवडणारी गोष्ट ही कीं, त्यांत फादरांचे दोष लपविलेले नाहींत. मळकटपणा, हट्ट, अविचार, सर्व मान्य करून स्टीव्हन्सन सांगतात कीं, हा दोषांसह माणूस होता, आणि जेथें दुसरा कोणी गेला नाहीं तेथें तो गेला. आपल्या पुस्तकांत संतांचीं चरित्रें लिहितांना दोष धुऊन काढण्याची जी चाल आहे तीपेक्षां ही रीत आम्हांस अधिक आदराची वाटते. आज डेमियन संतांच्या मालिकेंत आहेत. ११ ऑक्टोबर २००९ रोजीं रोम येथें तो विधि झाला.

परंतु कथा येथें संपत नाहीं, आणि पुढला भाग फारसा कोणी सांगत नाहीं. त्या पत्रांत स्टीव्हन्सन यांनीं डॉक्टर हाइड यांच्या सुंदर घरावर, सुखवस्तु राहणीवर, मनांतील मत्सरावर अशी कांहीं झोड उठविली होती कीं, वाचणाऱ्यास आनंदाच्या उकळ्या फुटाव्या. आम्हीं तारुण्यांत तें पत्र वाचलें तेव्हां आम्हांसहि फुटल्या. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत मात्र त्यांनीं आपल्या ओळखीच्या एका बाईंस लिहिलें कीं, त्या पत्राचा आपणांस खेद होतो. तें रानटीपणानें कठोर झालें. आज लिहिणें झालें तर फादरांचा कैवार तितक्याच जोरानें घेऊं, पण जो जिवंत आहे त्यास कमी दुखवूं. निंदकाचें हृदय आपणांस आंतून दिसतें असें त्यांनींहि गृहीत धरलें होतें. मोलोकाईस जाऊन त्यांनीं मृताची चौकशी केली. हाइडांच्या मनाची चौकशी कोणी केली?

हें सर्व दूरच्या समुद्रांतील आहे असें कोणी म्हणेल. पण आपल्या मराठींत या रोगास महारोग म्हणत आले, आणि तो शब्द उच्चारतांना आवाज खालीं जातो तो रोगाच्या भयानें जितका, तितकाच पूर्वकर्माच्या संशयानें. आपल्या देशांत १८९८ सालचा कुष्ठरोग्यांचा कायदा होता. निराधार रोग्यांस पकडून कोंडण्याची त्यांत सोय होती, व तो २०१६ सालीं रद्द झाला. आपणां ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यांत कुष्ठरोग हें जोडीदारास सोडण्याचें एक कारण होतें. तें २०१९ सालीं काढलें. रोगावर खात्रीचें औषध तर १९८२ पासून आहे. सहा महिने अथवा वर्षभर घ्यावयाचें, सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें, आणि तें सुरू झाल्यावर लौकरच रोग दुसऱ्यास लागेनासा होतो. म्हणजे औषध आल्यावर कायद्यास माणूस दिसावयास तीस वर्षांहून अधिक लागलीं. शेजाऱ्यास किती लागतात तें सांगवत नाहीं.

आतां आमचा अपराध. पूर्वीं आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामांत राहत होतों. (तेव्हां येथें बसलेल्या कोणी तर्क करूं नये, तर्क करणें हाच आजचा विषय आहे.) तेथें एक वृद्ध गृहस्थ होते. मिस्सेस नेमानें येत, पण मागच्या खांबाआड उभे राहत. कोणी हात पुढें केला तर नुसती मान हलवून निघून जात. लग्नाच्या पंगतीस कधीं बसले नाहींत. मंदिराचें छप्पर गळूं लागलें तेव्हां वर्गणीसाठीं आणखी दोघांसह आम्ही त्यांच्या दारीं गेलों. ओसरीवर बसा, एवढेंहि ते म्हणाले नाहींत. पाकीट नातवाच्या हातीं बाहेर पाठविलें. परततांना आमच्या तोंडून शब्द निघाला, ‘पैशाचा ताठा.’ आठ दिवसांत तो गांवभर झाला, आणि लोक त्यांस त्याच नांवानें ओळखूं लागले.

पावसाळ्यांत एके दिवशीं रस्त्यावर त्यांची छत्री पडली. ती त्यांस उचलतां येईना. आम्ही वांकलों तेव्हां त्यांचीं बोटें दिसलीं. आंत वळलेलीं, कांहीं आंखूड झालेलीं. आमची नजर कोठें आहे हें त्यांनीं पाहिलें. मग हळूच सांगितलें: रोग केव्हांच बरा झाला, औषध पुरें घेतलें, डॉक्टरांनीं निर्धास्त केलें, पण पूर्वींच्या गांवीं बोटें दिसलीं तेव्हां विहिरीवरचा पोहरा त्यांच्यापुढून उचलला गेला. म्हणून या गांवीं त्यांनीं कोणास हात दिला नाहीं, कोणाबरोबर जेवले नाहींत, कोणास ओसरीवर घेतलें नाहीं. आमचा तो शब्द त्यांच्या कानांवर गेला होता. त्याविषयीं ते कांहीं बोलले नाहींत. छपराचें काम किती झालें, एवढेंच त्यांनीं विचारलें.

आम्हीं क्षमा मागितली. ‘बरें,’ असें ते म्हणाले, आणि छत्री मनगटाला अडकवून गेले. ज्यांच्या ज्यांच्यापाशीं तो शब्द बोललों होतों त्यांच्याकडे जाऊन तो परत घेण्याचा आम्हीं यत्न केला. पण कारण सांगितलें तर त्यांचें गुपित फुटतें, आणि न सांगितलें तर कोणास पटत नाहीं. कांहींनीं हंसून सोडून दिलें. त्यांची परवानगी घेऊनच ही हकीकत आज सांगितली आहे. ती देतांनाहि त्यांनीं गांवाचें नांव घ्यावयाचें नाहीं अशी अट घातली. आम्ही तो गांव सोडला त्याच्या आदल्या रविवारीं ते मिस्सेस आले होते. त्याच खांबाआड, हात सदऱ्याच्या बाह्यांत घेऊन उभे होते.