‘ताप उतरला, आता सुट्टी द्या’

मेंदूज्वराची लक्षणं तुम्ही पुष्कळदा ऐकलेली आहेत. ताप, उलट्या, ताठ मान, उजेड नकोसा होणं, तान्ह्या लेकराची फुगलेली टाळू. त्यात मी वेळ घालवत नाही. अशा पेशंटला दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात शिरेतून पहिला डोस मिळायला हवा, हेही आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. लोक मिळेल ती रिक्षा करून घाटी हे सरकारी रुग्णालय गाठतात.

मला बोलायचंय ते तिसऱ्या-चौथ्या दिवसाबद्दल. परिचारिका म्हणून माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली, तेव्हा हा दिवस मी चांगला ओळखून आहे. ताप उतरलेला असतो. पेशंट उशीला टेकून चहात बिस्किट बुडवत असतो. सकाळचा राउंड संपतो न संपतो तोच नातेवाईक टेबलाशी हजर. “सिस्टर, लेकरू चांगलं खेळायलंय बघा. आता सुट्टी द्या. इंजेक्शनच्या बदली गोळ्या लिहून द्या, आम्ही घरी देतो.”

नाही. गोळ्या नाहीत. जिवाणूंमुळे झालेल्या मेंदूज्वराचं औषध शेवटच्या डोसापर्यंत शिरेतूनच द्यायचं असतं.

का, ते आमच्या पुंडलिकनगर वस्तीतल्या माणसाला मी चटकन सांगू शकते, कारण मी तिथेच राहते. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा ते खालच्या हौदात पडतं. गच्चीवरच्या टाकीत ते आपल्या पायांनी चढत नाही, मोटार लावावी लागते. आपलं रक्त म्हणजे तो हौद, आणि मेंदूभोवतीचं पाणी म्हणजे गच्चीवरची टाकी. तोंडाने घेतलेली गोळी हौदात बारीक धार सोडते. टाकीत पोचेपर्यंत तिचं काही उरत नाही. म्हणून मोटार लावायची. म्हणजे शिरेतून सेफ्ट्रिॲक्झोन हे औषध, मोठ्या माणसाला दर 12 तासांनी 2 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 4. छातीच्या साध्या संसर्गाला दिवसाला एकावर भागतं. “एवढं औषध उष्ण पडेल हो,” म्हणतात बायका. अहो मावशी, त्यातलं थोडंसंच वर चढणार आहे, म्हणून तर एवढं!

आता नीट ऐका, लोक चुकतात ते इथेच. मेंदूच्या आवरणाला सूज असते तोवर हौदातून वर जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह सैल असतो, औषध बऱ्यापैकी वर जातं. सूज ओसरली की व्हॉल्व्ह पुन्हा आवळतो. म्हणजे पेशंट बरा दिसू लागतो, तसतसं औषध वर पोचणं अवघड होत जातं. आणि नेमकं तेव्हाच तुम्ही मोटार बंद करा म्हणता! त्यात मेंदूभोवतीच्या पाण्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती तोकडी असते. रक्तात उरलेसुरले जंतू शरीर निस्तरतं, तिथे ते औषधालाच मारावे लागतात. परत सांगते, ताप उतरला म्हणजे वरची टाकी भरली असं नाही.

किती दिवस? ते जंतूवर ठरतं. मेनिंगोकॉकसला साधारण 7, न्यूमोकॉकसला 10 ते 14, नवजात बाळांत आढळणाऱ्या काही जंतूंना 21. जंतू कुठला, हे कळतं पाठीतल्या पाण्यावरून; मेंदूभोवतीचं पाणीच ते. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो, ही भीती मी शेकडो तोंडांतून ऐकली आहे. सुई टोचतात ती कमरेत, मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली. लुळेपणा येतो तो मेंदूज्वराने, आणि नाव मात्र सुईचं होतं. पाणी काढायला उशीर होणार असेल तर रक्ताचा नमुना घेऊन डोस आधी द्यायचा, वाट पाहायची नाही. पण हेही ध्यानात घ्या की शिरेतून औषध गेल्यावर मेनिंगोकॉकस दोन तासांतच पाण्यात उगवेनासा होऊ शकतो. गल्लीतल्या मेडिकलवरून आणलेल्या चार गोळ्या आधीच पोटात असल्या, तरी तोच घोटाळा. रोग बरा होत नाही, फक्त जंतू ओळखू येत नाही. मग डॉक्टरांना अंदाजाने लांबचा कोर्स ठरवावा लागतो. म्हणजे सुट्टी आणखी लांबते, आणि लवकर सुट्टी मागणारेही तुम्हीच!

आमच्या थोरल्या सिस्टर पेनिसिलिनच्या दिवसांबद्दल सांगायच्या. पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, तिथलं ते औषध. मेंदूज्वराला दर चार तासांनी द्यायचं, रात्री दोनलासुद्धा. आता दिवसातून दोनदा टोचायचं, तरी आपल्याला कंटाळा.

पहिल्या डोसाच्या आधी किंवा बरोबर आणखी एक इंजेक्शन देतात, डेक्सामेथासोन. ते का, असं नातेवाईक विचारतात. ते सूज आवरण्यासाठी. हॉलंडमधल्या डॉक्टरांनी 2002 साली दाखवलं की मोठ्या माणसांत त्याने मृत्यूंचं प्रमाण 15 टक्क्यांवरून 7 वर आलं.

आता मेंदूज्वर रोखणाऱ्या लसींचं सांगते. पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकल, दोन्ही सरकारी केंद्रात फुकट आहेत. दीड महिन्यापासून सुरू होतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेंदूज्वरावरची लस 2010 पासून आफ्रिकेतल्या लेकरांना मिळतेय, आणि आपण मात्र कार्ड हरवलं म्हणून लस चुकवतो!

तर पुन्हा तेच. चौथ्या दिवशी टेबलाशी याल तेव्हा ‘सुट्टी कधी’ असं विचारू नका, ‘किती दिवस झाले आणि किती राहिले’ असं विचारा. आकडा कागदावर लिहून घ्या. सुईची जागा सुजली तर सांगा, दुसऱ्या हाताला लावू. आणि मेंदूज्वराने ऐकू येणं जाऊ शकतं, म्हणून घरी गेल्यावर लेकराच्या कानांची तपासणी, ती पहिल्या महिन्यातच. हाक मारली की बघतं, एवढ्यावर समाधान मानू नका, मशीनवरची तपासणी करून घ्या.