ज्ञान मोजायचं मापटं

ज्ञानाच्या बाबतीत जगात अमुक देश पहिला, आपण इतके मागे, अशी बातमी आपण अधूनमधून ऐकतो. क्रमांक वर गेला की बरं वाटतं, घसरला की चुटपुट लागते. पण हा क्रमांक काढतात कसा? जागतिक बँकेचा 'ज्ञान अर्थव्यवस्था निर्देशांक' उदाहरणादाखल घेऊ. त्याची शेवटची यादी २०१२ ची. पण अशा निर्देशांकांची घडण समजून घ्यायला तो सोपा आहे.

त्याचे खांब चार : आर्थिक आणि कायद्याची व्यवस्था, शिक्षण, नवनिर्मिती आणि माहिती तंत्रज्ञान. प्रत्येकात तीन आकडे, म्हणजे एकूण बारा. पहिल्या खांबात आयातीवरच्या करांचे अडथळेही धरलेले होते. कराचा आणि ज्ञानाचा काय संबंध? तर बाजार खुला असला की ज्ञान वापरण्याची ओढ वाढते, असा त्यामागचा विचार. हे एक मत झालं, आणि मत असायला हरकत नाही. मात्र निर्देशांकात शिरलं की ते मत राहत नाही, त्याचे गुण होतात.

आता हे बारा आकडे बारा जातींचे. साक्षरता टक्क्यांत, टेलिफोन दर हजारी. त्यांची बेरीज कशी करणार? म्हणून प्रत्येक आकड्यासाठी देशांची रांग लावायची, आपल्या मागे किती देश आहेत ते पाहून शून्य ते दहा गुण द्यायचे आणि सरासरी काढायची. मेख इथेच आहे. जनगणनेनुसार आपली साक्षरता २००१ मध्ये सुमारे ६५ टक्के होती, २०११ मध्ये सुमारे ७३ टक्के झाली. पण समजा, या दहा वर्षांत रांगेतला आपला नंबर हललाच नाही, तर गुण तेवढेच. दुसऱ्यांनी आपल्याला गाठून पुढे धाव घेतली, तर उलट कमी! कोट्यवधी माणसं नव्यानं वाचू लागली, त्याची नोंद शून्य.

नवनिर्मितीच्या खांबात एक आकडा होता अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं दिलेल्या पेटंटांचा. याच कार्यालयानं १९९५ मध्ये जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपल्याकडे कापलं-खरचटलं की आजी काय लावते, हे पोरासोरांनाही ठाऊक. पण हे ज्ञान भरायला तक्त्यात रकानाच नाही. आपण लढाई जिंकलो, तरी आपल्या नावावर एकही पेटंट वाढलं नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात शिक्षणाचा भाग साधा आहे. शाळेत शिरणाऱ्या मुलाला किती वर्षं शिक्षण मिळेल, आणि पंचविशीपुढच्यांना सरासरी किती वर्षं मिळालं, हे दोनच आकडे. शाळेत बसून काय शिकले, हे त्यात येत नाही. २०२२ साठी भारताचे आकडे होते १२.६ आणि ६.६ वर्षं. पहिल्याला १८ नं भागायचं, दुसऱ्याला १५ नं, आणि सरासरी काढायची. ती येते ०.५७. आईबाप आणि मुलं यांच्यातलं सहा वर्षांचं अंतर या ०.५७ मध्ये कुठेच दिसत नाही.