दुकान बंद झाल्यानंतर



महाराष्ट्रातील दारूविरोधी चळवळ ही मुख्यतः दुकानाविरुद्धची चळवळ राहिली आहे. वर्धा जिल्ह्यात 1975 साली व गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी आली. अनेक गावांत स्त्रियांनी मतदान करून बाटली आडवी केली. या लढ्याचे मोल कोणी कमी लेखू नये. तथापि चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली आलेली बंदी 2021 साली उठविण्यात आली. शासनाच्या आदेशाने बंद झालेले दुकान शासनाच्याच आदेशाने उघडते. आणि दुकान बंद राहिले, तरी सकाळी दारूवाचून ज्याचे हात थरथरतात तो माणूस गावातच असतो. त्याचा प्रश्न मोर्चाने सुटत नाही.

घोटीचेच उदाहरण घ्यावे. मुंबई-आग्रा महामार्गावरील ही भाताची जुनी बाजारपेठ. गिरणीतला हमाल, ट्रकचालक, आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून राबणारा शेतमजूर, यांच्या हाती संध्याकाळी रोख मजुरी पडते. शीण घालविण्यासाठी घेतलेला पहिला पेला काही वर्षांत त्या मजुरीचा धनी होऊन बसतो. मग घरची बाई एकटीच्या कमाईवर चूल पेटती ठेवते आणि पोर शाळा सोडून कामाला लागते.

अशा माणसाला दोन उत्तरे मिळतात. कीर्तनकार सांगतो, मन घट्ट कर. कार्यकर्ता सांगतो, शोषण संपले की व्यसनही संपेल. पहिल्या उत्तरात रोगाचे ज्ञान नाही आणि दुसऱ्यात आजच्या रात्रीची सोय नाही. दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र शासनासाठी केलेली देशव्यापी पाहणी 2019 साली प्रसिद्ध झाली. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळाल्याचे तीत आढळले. उरलेले 37 जण उपदेशावरच जगत आहेत.

1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या शहरात एक शेअर दलाल व एक शल्यविशारद, दोघेही मद्यपी, एकमेकांशी बोलून दारूपासून दूर राहू लागले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ जगभर पसरली. तिच्या सभेला शुल्क नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. तेथे कोणी साहेब नाही, कोणी हमाल नाही. माणूस आपले पहिले नाव सांगतो व आपली हकीगत सांगतो. आजचा दिवस दारूवाचून काढावयाचा, उद्याचे उद्या पाहू, एवढाच संकल्प. त्यांच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो म्हणून काही विवेकवादी कार्यकर्ते बिचकतात; पण ती शक्ती ज्याला जशी समजेल तशी त्याने मानावी, अशी तेथे मोकळीक आहे. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2020 साली अनेक अभ्यास तपासले. रुग्णाला अशा गटाशी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार अखंड दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत अन्य प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरतात, असा तिचा निष्कर्ष आहे. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी उभारलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही व्यसनातून सुटलेली माणसेच पुढे इतरांना हात देऊ लागली.

आता घोटीच्या माणसाने तेथवर पोचावे कसे? प्रथम डॉक्टर. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली, तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून शपथ घालण्यापूर्वी त्याला सरकारी रुग्णालयात न्यावे. 14446 या शासनाच्या निःशुल्क दूरध्वनीवर मार्गदर्शन मिळते. त्यानंतर गट कोठे व किती वाजता भरतो याची चौकशी करावी आणि परतीची गाडी आहे की नाही हेही पाहावे. नाशिक सुमारे 35 किलोमीटर आहे. सभा रात्री संपून गाडी चुकली, तर स्थानकाबाहेर त्याची गाठ पुन्हा बाटलीशीच पडण्याची भीती. मात्र बाजारपेठेच्या गावात सर्व जण सर्वांना ओळखतात, म्हणून काहींना दूरचा अनोळखी गटच बरा वाटेल. ती निवड त्याची. पहिल्या दिवशी सोबत जावे, दाराशी थांबावे. त्याच्या घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ ही 1951 पासूनची वेगळी चळवळ आहे, हेही सांगावे.

पुढे नाशिकला जाऊन सावरलेले दोघे आपल्या गावी नियमाने एकत्र बसू लागले, तरी गट उभा राहतो. त्याला हवी असते ठरलेल्या वारी मिळणारी एक खोली. हा गट बाहेरची देणगी घेत नाही व राजकारणात पडत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी शाळेत वा समाजमंदिरात माफक भाड्याने जागा मिळवून द्यावी आणि तेथून निघून यावे. दारावर पक्षाचा फलक नको, उद्घाटनाचे भाषण नको, सभासदांची यादी तर नकोच.

आणखी एक पथ्य आहे. मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत दारू पोचत असताना जो कार्यकर्ता गप्प बसतो, त्याला त्या वस्तीतील बायका दुसऱ्या दिवशी आपल्या नवऱ्याचे दुखणे सांगणार नाहीत. तो विश्वास आधी मिळवावा लागेल. खोलीची किल्ली त्यानंतर.