जुन्या विद्युत्-वाद्यांचीं झिजलेलीं बटणें

जुन्या रेडिओचा आवाज लहानमोठा करण्याचें बटण पिळतांना कर्ण्यांतून खर्र असा आवाज येतो, हा अनुभव पुष्कळ घरांत येऊन गेलेला आहे. बटण एका विशिष्ट जागीं आलें कीं गाणें एकदम नाहींसें होतें, आणि घरांतील एखादा अनुभवी मनुष्य तें तसूभर मागें घेऊन तें पुन्हां आणतो. रेडिओच्या बाबतींत एवढ्यावर निभावून जातें. परंतु ज्या वाद्यांत स्वरच विजेनें उत्पन्न होतो, त्यांत तेंच बटण हें वादकाचें बोट असतें. तेथें तें झिजलें म्हणजे वाद्य आंतून धडधाकट असूनहि मुकें किंवा बेसूर होतें.

या बटणाच्या पोटांत काय असतें तें प्रथम पाहिलें पाहिजे. घोड्याच्या नालाच्या आकाराची एक पट्टी, तिच्यावर कर्बाचा पातळ थर, आणि त्या थरावर टेकलेली धातूची एक लवचिक जीभ, एवढाच हा सारा संसार. बटण फिरलें कीं जीभ थरावरून घसरते आणि विजेला कर्बांतून कमी किंवा अधिक वाट चालावी लागते. याला पोटेन्शिओमीटर असें लांबलचक नांव आहे. कारागीर नुसतें 'पॉट' म्हणून मोकळे होतात. खांचेंत वरखालीं सरकणाऱ्या बटणाचें अंतरंगहि हेंच, फक्त नाल सरळ केलेला असतो. मात्र त्याची खांच वरून उघडी असते, आणि वर्षानुवर्षांची धूळ तिच्यांतून खालीं कर्बावर उतरते.

अमेरिकेंत १९७० ते १९८१ या काळांत तयार झालेलें मिनिमूग हें फिरत्या बटणांचें वाद्य. एआरपी कंपनीचें १९७२ सालीं निघालेलें ऑडिसी हें सरकत्या बटणांचें. या दोहोंत स्वराची उंची विजेच्या दाबावर ठरते. एक व्होल्ट दाब वाढला कीं स्वर एक सप्तक वर चढतो. सप्तकांत बारा स्वर धरले, तर एका स्वरावरून शेजारच्या स्वरावर जाण्यास एका व्होल्टाचा बारावा भाग, म्हणजे सुमारें ८३ मिलिव्होल्ट, एवढाच फरक पुरतो. आतां वादकानें बटण हळूहळू फिरवून मींड घ्यावी, तोंच जीभ खरवडलेल्या जागेवर येते, क्षणभर तिचा स्पर्श सुटतो, आणि गंधाराकडे निघालेला स्वर भलतीकडेच उडी घेतो. रेडिओंत जी नुसती खरखर होती, ती येथें स्वराचा घात करते.

मुंबईलाहि हा प्रश्न परका नाहीं. चित्रपटसंगीतांतील वादक चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं रोलंड या जपानी कंपनीचीं ज्युपिटर-८, टीबी-३०३ व टीआर-८०८ हीं यंत्रें घेऊन दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. ती २०१० सालीं पुन्हां निघाल्यावर परदेशांतील रसिकांचें लक्ष तिच्याकडे वळलें. त्या जातीच्या यंत्रांना आतां चाळीस वर्षें उलटून गेलीं. आणि समुद्रकांठच्या दमट हवेंत धातूच्या जिभेला मळ आणि गंज लवकर चढतो, हें सांगावयास नकोच.

पुष्कळदां बटण झिजलेलें नसतेंच, मळलेलें असतें. यासाठीं वाद्याची वीज तोडून तें एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत वीसतीस वेळां फिरवून पाहावें. कित्येक वाद्यें एवढ्यानेंच ताळ्यावर येतात. न आलीं तर विद्युत्-जोडण्या साफ करण्यासाठीं मिळणारा द्रव बेतानें आंत सोडावा. पण घाईचा मनुष्य येथें बिजागरीवर मारावयाचें तेल वापरतो. आज बटण गुळगुळीत चालतें, आणि उद्यां त्याच तेलांत दुप्पट धूळ चिकटते. दुसरी गोष्ट अशी कीं, साफ करणारा द्रव मळाबरोबर बटणांतील दाट ग्रीसहि धुऊन नेतो. मग बटण हाताखालीं सैरावैरा धांवूं लागतें. त्याची ती जड, संथ चाल हीच वादकाला केसभर फरक साधूं देत होती. म्हणून नवें दाट ग्रीस पुन्हां भरावें लागतें, तेंहि कर्बाच्या वाटेवर नव्हे, तर दांडा जेथें फिरतो तेथें.

खरोखरच कर्ब झिजला असेल, तर चतुर कारागीर बटणाच्या पत्र्याचे कान उलगडून तें उघडतो आणि जिभेचीं बोटें किंचित् बाजूला वळवितो. मग तीं शेजारच्या कोऱ्या कर्बावरून चालूं लागतात. जुनी वाट सोडून गाडी शेताच्या कडेनें हांकावी, तसाच हा प्रकार. तेंहि साधलें नाहीं म्हणजे मात्र बटण बदलणें आलें, आणि खरी कसोटी येथें लागते.

नवें बटण जुन्याच्या जागीं बसलें म्हणजे काम झालें, ही समजूत चुकीची आहे. दोघांचा रोध, समजा एक लाख ओहम, सारखा असला तरी चढ निराळा असूं शकतो. एका जातींत बटण अर्धें फिरलें कीं रोधहि बरोबर अर्धा होतो. दुसऱ्या जातींत, जी कानाच्या धर्माला अनुसरून आवाजासाठीं वापरतात, अर्ध्यावर तो शेंकडा दहा ते पंधराच असतो. त्यांवर ए आणि बी अशीं अक्षरें असतात खरीं, पण निरनिराळ्या काळीं व देशांत त्यांचे अर्थ उलटसुलट झालेले आहेत. तेव्हां अक्षरावर न विसंबतां बटण मधोमध ठेवून मापकानें मोजणें हाच शहाणपणा. दांड्याचीहि गोष्ट तशीच. जुन्या अमेरिकन वाद्यांत तो पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा असतो, आणि आज बाजारांत ६ मिलिमीटरचे दांडे पुष्कळ. मूळची टोपी त्यावर चढते, पण डुगडुगते.

मूळचा भाग काढला कीं वाद्याची किंमत गेली, असें संग्राहक म्हणतात. पण जें वाद्य वाजवितां येत नाहीं त्याची किंमत कोणत्या मापानें करावयाची? मात्र संग्राहकांच्या म्हणण्यांत एवढें तथ्य आहे कीं, बदल असा असावा जो पुढच्या माणसाला परत फिरवितां येईल. नव्या बटणासाठीं जुन्या पत्र्याला नवीं भोकें पाडणें हा आडदांडपणा झाला.

या गोष्टीचें महत्त्व पॅरिसच्या एका वाद्यावरून चांगलें ध्यानांत येतें. मॉरिस मार्तनो हे चेलो वाजविणारे. त्यांनीं १९२८ सालीं 'ओंद मार्तनो' लोकांपुढें आणलें. यांत उजव्या हातानें स्वर निवडावयाचा. डावा हात एका कळीवर असतो, आणि ती दाबल्याखेरीज आवाजच निघत नाहीं. जितका दाब, तितका नाद. चेलोच्या गजाचेंच हें काम. त्या कळीखालीं कातड्याची एक लहान पिशवी असते आणि तिच्यांत वीज वाहणाऱ्या व न वाहणाऱ्या पदार्थांची मिसळलेली पूड. दाबानें कण जवळ येतात, वाट मोकळी होते. वापरानें ही पूड बिघडली कीं नाद फुलत न येतां एकदम फुटतो. मार्तनो १९८० सालीं वारले, आणि वाद्यें सांभाळणारांना पुडीचें मिश्रण स्वतः जमवावें लागलें. तेथें आजकालचें दाबमापक यंत्र बसविणें अशक्य नाहीं. पण पुडीचा तो हळुवार प्रारंभ त्यांत उतरला नाहीं, तर वादकानें वर्षानुवर्षें कमावलेला डावा हात फुकट जातो. १९४९ सालीं बोस्टन येथें प्रथम वाजलेली मेसियां यांची 'तुरंगालीला' ही सिंफनी या वाद्याखेरीज उभी राहत नाहीं. तिचें नांव संस्कृत शब्दांवरून घेतलेलें आहे. ती आज वाजवावयाची तर ती कातड्याची पिशवी सुस्थितींत हवी.

बटण बदलून झाल्यावर मिनिमूगसारखें वाद्य अर्धा तास चालूं ठेवून तापूं द्यावें लागतें, आणि मगच त्याचे स्वर जुळवावे लागतात. काढलेलें बटण चिठ्ठी लावून वाद्याच्या पेटींतच एका पुडींत ठेवतात. मग वादक येऊन बसतो. प्रथम तो कांहींच वाजवीत नाहीं. डोळे मिटून तें नवें बटण दोनतीनदां या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरवून पाहतो.